हे दिसण्याचं दुखणं नव्हे

माझं वजन एकशे सव्वीस किलो होतं. आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना कुणाला अंदाज बांधत बसायला नको. वय त्रेसष्ट, उंची पाच फूट पाच इंच. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका रसायनांच्या कारखान्यात एकतीस वर्षं बॉयलर सांभाळला. मूळ गाव जळगावकडचं, पण नोकरीभर बोईसरजवळ सालवडला राहिलो आणि निवृत्तीनंतरही तिथंच. घरात मी आणि बायको सुनंदा. मुलगी प्राजक्ता लग्न होऊन नाशिकला.

हे मी लिहितोय ते साठी ओलांडलेल्या आणि वजन वाढलेल्या माणसांसाठी. त्यातही विमा कंपनीचं नकाराचं पत्र हातात घेऊन स्वतःलाच शिव्या देत बसलेल्यांसाठी. मी चार महिने तसाच बसलो होतो. शिव्या चुकीच्या माणसाला चालल्या होत्या, हे कळेपर्यंत माझं जे नुकसान व्हायचं ते झालं.

केळव्याहून येताना

सुनंदाच्या मावसबहिणीच्या मुलीचं लग्न केळव्याला होतं. जेवणं उरकून दुपारी तीनच्या सुमाराला आम्ही स्कूटरवरून निघालो. केळव्याला लागून असलेलं माहीम गाव मागं पडलं, पालघरचा रस्ता लागला. त्यानंतरचं मला आठवतं ते तोंडात गेलेलं वाळकं गवत.

मी रस्त्याकडेच्या चरात पडलो होतो. सुनंदा काठावर बसली होती आणि उजवा हात डाव्या हातात धरून त्याच्याकडं बघत होती. मनगट भलत्याच बाजूला वळलं होतं. ती ओरडत नव्हती, त्यानं मला जास्त भीती वाटली.

मागून येणारा रिक्षावाला थांबला. त्यानं मला हात धरून वर ओढलं. सोपं काम नव्हतं ते, त्याला दोन पायांवर जोर देऊन मागं झुकावं लागलं.

"चाचा, आप सो गए थे," तो म्हणाला.

"नहीं. कुत्ता आया बीच में."

"कोई कुत्ता नहीं था, चाचा. मैं पीछे ही था. आपकी गर्दन झुक गई थी."

सुनंदानं ते ऐकलं.  त्याच्या रिक्षातून पालघरला जाताना मी कुत्र्याबद्दल पुन्हा बोललो नाही.

बावीस सेकंद

पालघरच्या रुग्णालयात तिच्या मनगटात पट्टी आणि स्क्रू घालावे लागले. त्या वेळी विमा कंपनीबद्दल माझं मत फार चांगलं झालं, हे इथं नोंदवतो. कार्ड दाखवलं, विमा डेस्कवरच्या मुलीनं कागद पाठवले आणि तीन तासांत मंजुरी आली. मी प्राजक्ताला फोनवर म्हणालोसुद्धा, "बघ, हप्ते भरल्याचं सार्थक झालं."

दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया चालू असताना मी बाहेरच्या बाकावर बसलो होतो. कुणीतरी खांदा हलवला म्हणून जागा झालो. भूल देणाऱ्या डॉक्टर बाई होत्या, तरुण, डोक्यावर हिरवी टोपी.

"तुमच्या मिसेस बऱ्या आहेत. पण काका, तुम्ही आत्ता बावीस सेकंद श्वास घेतला नाही. मी समोर उभी राहून मोजत होते."

"घोरत असेन मी."

"घोरणं थांबलं होतं, तेच सांगतेय. काल गाडी चालवताना झोप लागली का?"

कुत्र्याची गोष्ट जिभेवर आली होती. ती मी गिळली आणि मान हलवली. निदानाचा दिवस म्हणतात तो माझ्यासाठी हा. तपासण्या नंतर झाल्या. छातीला आणि बोटाला यंत्र लावून झोपेची चाचणी झाली. रिपोर्ट बघून पालघरचे फिजिशियन म्हणाले, "ही झोप नाही, काका. तुम्ही रोज गुदमरताय आणि रोज वाचताय."

मागची सात-आठ वर्षं मी कुठंही झोपत होतो. न्हाव्याच्या खुर्चीत. बँकेच्या रांगेत भिंतीला टेकून. एका मित्राच्या शोकसभेत मी घोरलो, आणि लोक हसले, आणि मीही नंतर हसलो. जाड माणूस झोपाळू असायचाच, असं सगळ्यांनी धरून चाललं होतं, माझ्यासकट. दोन वेळचं इन्सुलिन चालू होतं, तरी साखर आटोक्यात नव्हती. रक्तदाब होता. गुडघे होते. या सगळ्याचं मूळ एक आहे असं डॉक्टर म्हणाले, आणि ते मूळ आता निव्वळ पथ्यानं हलणार नाही असंही म्हणाले. वजन उतरवणारं आठवड्याचं इंजेक्शन निघालंय, पण त्याला रुग्णालयात भरती व्हावं लागत नाही म्हणून तुमची पॉलिसी ते देणार नाही, आणि ते किती वर्षं घ्यावं लागेल सांगता येत नाही. दुसरा मार्ग जठर लहान करण्याच्या शस्त्रक्रियेचा.

"या वयात?" मी विचारलं.

"या वयात म्हणूनच. दहा वर्षांनी मी तुम्हाला हे सुचवू शकणार नाही."

तोवर झोपताना तोंडावर मास्क लावायचं यंत्र भाड्यानं आणलं. तेही विम्यात बसत नव्हतं, कारण ते घरी वापरायचं. पण त्या यंत्रानं पहिल्याच आठवड्यात मला जे दिलं ते विसरणार नाही. सकाळी उठल्यावर डोकं दुखत नव्हतं. मी खिडकीशी उभा राहून सुनंदाला म्हणालो, "लोक रोज असे उठतात?" तिनं एका हातानं चहा गाळत माझ्याकडं पाहिलं आणि अपघातानंतर पहिल्यांदा थोडी हसली.

फुकटचे सल्ले

"जरा तोंडावर ताबा ठेवायचा." हे मला कोण कोण म्हणालं त्यांची नावं लिहिली तर हा लेख तिथंच संपेल.

बॉयलरवर तीन पाळ्या असतात आणि दर आठवड्याला पाळी बदलते. शरीराला कधी कळतच नाही, आता झोपायचं की जेवायचं. रात्रपाळीला कँटीनमध्ये वडापाव, गोड चहा, आणि पहाटे पुन्हा तेच, कारण डोळे उघडे ठेवायचे तर पोटात काहीतरी ढकलावं लागायचं. बॉयलरसमोर डुलकी चालत नाही. एकतीस वर्षांत माझ्या पाळीत एकही अपघात झाला नाही. ते वजन मी तिथं कमावलं. आळसानं नाही.

आणि प्रयत्न? नाचणीची भाकरी वर्षभर खाल्ली. भात सोडला. शेजारच्या गृहस्थांकडून डब्यातली पावडर घेतली, ती घशाखाली उतरेना. कंपनीच्या दवाखान्यात येणाऱ्या आहारतज्ज्ञ बाईंकडं दीड वर्ष गेलो. दर महिन्याला त्या वहीत वजन लिहायच्या. अकरा किलो उतरलं आणि पुढच्या वर्षी चौदा चढलं. ती वही सुनंदानं जपून ठेवली होती. का ठेवली विचारलं तर म्हणाली, "तुम्ही फेकली असती म्हणून."

गाऊन घालून परत

वसईच्या एका रुग्णालयात शस्त्रक्रिया ठरली. विम्याकडं कागद आठवडाभर आधी गेले होते. मंजुरी सकाळपर्यंत येईल, तुम्ही भरती व्हा, असं सांगितलं गेलं. मी भरती झालो. उपाशी होतो. हाताला सुई लावली होती. मागून नाडीनं बांधायचा तो हिरवा गाऊन घातला होता. तो माझ्या पाठीवर मिटत नव्हता, म्हणून एका आयाबाईनं दुसरा गाऊन उलटा करून वरून घातला. "आता कोटासारखा दिसतोय, काका," ती म्हणाली. त्या दिवसातला तेवढाच एक चांगला शब्द.

साडेअकराला विमा डेस्कवरून एक मुलगी आली. तिनं पडदा सरकवला, पण पूर्ण लावला नाही.

"सर, नामंजूर झालंय."

"म्हणजे?"

"ते म्हणताहेत की ही वजन कमी करण्याची ट्रीटमेंट आहे. कॉस्मेटिक. म्हणजे दिसण्यासाठीची. ती कव्हर होत नाही."

पलीकडच्या खाटेवरच्या माणसाच्या नातेवाइकांनी वळून माझ्याकडं पाहिलं. त्रेसष्ट वर्षांचा म्हातारा, दोन गाऊन घातलेला, दिसण्यासाठी ऑपरेशन करून घ्यायला आलेला. मला वाटलं जमीन दुभंगावी.

मी तिथूनच कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन लावला. बराच वेळ संगीत वाजलं, मग एक मुलगा बोलला. अदबीनं बोलला, त्याचा राग जास्त येतो. तो म्हणाला, "सर, पॉलिसीत ओबेसिटी वगळलेली आहे. आणि सर, पर्सनली सांगतो, या वयात ऑपरेशनची रिस्क कशाला? डाएट आणि वॉकिंग ट्राय करा ना."

मी "बरं," म्हणालो. बरं! सुई काढली, कपडे घातले, आणि आम्ही घरी आलो. वाटेत सुनंदा म्हणाली, "काहीतरी खाऊन घ्या, कालपासून उपाशी आहात." मी तिच्यावर खेकसलो, "खाऊनच तर ही वेळ आलीय!" शेअर रिक्षातली बाकीची माणसं खाली बघायला लागली. तिनं प्लास्टर काढलेला, अजून सुजलेला हात मांडीवर घेतला आणि बाहेर बघत बसली.

चार महिने

प्राजक्ता फोनवर म्हणाली, "बाबा, आपण पैसे उभे करू. मी आणि हे मिळून बघतो." मी फोन ठेवून दिला. मुलीच्या संसारातून माझ्या पोटाचं ऑपरेशन व्हायचं, हे मला नको होतं. तिनं पुन्हा फोन केला, तर मी म्हणालो, मला नकोच आहे ते, चालतोय मी रोज. चालत नव्हतो.

लाज फार वाईट. ती माणसाला घरात बसवते. मी संध्याकाळी गप्पांना मैदानावर जाणं सोडलं, डॉक्टरांकडं जाणं सोडलं, साखर तपासणं सोडलं. मनातल्या मनात म्हणत राहिलो, ग्राहक सेवेतल्या त्या पोराचं बरोबर आहे, माझंच चुकलं.

आमच्याकडं दातिवऱ्याची हिरूताई मासे घेऊन येते. वीस वर्षांची ओळख. दारात टोपली टेकवून तिनं सगळी हकीगत सुनंदाकडून ऐकली आणि मला हाक मारली.

"भाऊ, वयनीचा हात मोडला त्याचे पैशे दिले ना त्यांनी?"

"दिले."

"आनि तुमी परत झोपून कुनाचा हात मोडू नये म्हून दवा मागितली, ती नाय देत?"

"नाही."

"मंग हा कसला धंदा हाय? होडी फुटली तं देनार, भोक बुजवाला नाय देनार?" तिनं बोंबलांचा वाटा सुनंदाच्या ताटात टाकला. "आनि तुमी घरात बसलाव! आमी असतो तं त्यांच्या दारात टोपली उलटी केली असती."

मी हसलो आणि आत गेलो. तेव्हा ऐकायला हवं होतं.

पावसाळ्यात डाव्या पायाला चप्पल चावली. साखरेनं पायाची जाणीव कमी झाली होती, त्यामुळं दुखलं नाही, आणि पोटामुळं मला माझे पाय वाकून दिसत नव्हते. वास सुनंदाला आला. पालघरच्या रुग्णालयात पोचलो तेव्हा दोन बोटं काळी पडली होती.

डॉक्टर म्हणाले, काढावी लागतील, आजच.

विम्याची मंजुरी दुपारच्या जेवणाआधी आली.

हे वाक्य मी मुद्दाम वेगळ्या ओळीत लिहिलंय. माझी दोन बोटं कापायला कंपनीला अडीच तास लागले. कुणी फोन करून विचारलं नाही की या वयात कशाला. कुणी म्हणालं नाही, सर, चालून बघा.

सुनंदानं वाचलं

पाय उशीवर ठेवून मी घरी पडलो होतो. सुनंदा पॉलिसीची फाइल घेऊन माझ्या शेजारी बसली. ती बारावी शिकलेली. इंग्रजी सावकाश वाचते, पण एक शब्द सोडत नाही. तीन दिवस ती वाचत होती. चौथ्या दिवशी जेवणाचं ताट बाजूला सारून म्हणाली, "अहो, लोडिंग म्हणजे काय?"

मला माहीत होतं. निवृत्त होताना पॉलिसी घेतली तेव्हा एजंट म्हणाला होता, काका, वजन थोडं कमी लिहू. मी म्हणालो होतो, आहे तेवढंच लिही. बॉयलरच्या नोंदवहीत मी कधी खोटा आकडा लिहिला नाही, इथं कशाला लिहू? कंपनीनं तपासणी केली, वजन जास्त म्हणून माझ्यावर जादा हप्ता बसवला. त्यालाच लोडिंग म्हणतात. पाच वर्षं मी तो भरत होतो.

"इथं कारण लिहिलंय," सुनंदा म्हणाली, आणि बोटानं दाखवलं. "ओबेसिटी. म्हणजे हप्ता घेताना तुमचं वजन आजार होतं. आणि द्यायची वेळ आली तेव्हा दिसणं झालं?"

मग तिनं दुसरं पान काढलं. त्यात लठ्ठपणाचे उपचार वगळलेत असं होतं खरं. पण त्याच परिच्छेदात पुढं लिहिलं होतं की शस्त्रक्रिया डॉक्टरांनी सुचवली असेल, वजन उंचीच्या मानानं ठरलेल्या मर्यादेपलीकडं असेल किंवा झोपेत श्वास अडण्यासारखे गंभीर आजार जडले असतील, आणि साधे उपाय करून झाले असतील, तर ती वगळलेली नाही. त्यांच्याच पुस्तिकेत. त्यांच्याच छपाईत. ग्राहक सेवेतल्या त्या मुलानं मला अर्धं वाक्य वाचून दाखवलं होतं.

मी पुस्तिका मिटली. मग म्हणालो, "सुनंदा, त्या दिवशी कुत्रा नव्हता."

"माहीत आहे मला."

"मी तुझा हात मोडला."

"तुमच्या आजारानं मोडला," ती म्हणाली. "आणि तुमच्या बोटांचं पाप कुणाचं ते मला आता कळलंय. उठा, पत्र लिहायचंय."

खुर्ची

तक्रारीचं पत्र आम्ही मराठीत लिहिलं. उत्तर इंग्रजीत आलं, चार ओळींचं, पुन्हा तेच. मग आम्ही दोघं कंपनीच्या कार्यालयात गेलो. पायाची जखम नुकती भरली होती. मी काठी घेऊन चालत होतो.

साहेब चाळिशीचे, नीटनेटके. "बसा ना," म्हणाले.

समोरची खुर्ची लोखंडी, दोन्ही बाजूंना हात असलेली. जाड माणूस कुठल्याही खोलीत शिरला की आधी खुर्च्या बघतो. "मी उभा राहतो."

"नाही नाही, बसा काका."

"साहेब, मी हिच्यात मावत नाही. बिनहाताची असली तर द्या."

त्यांनी इकडंतिकडं पाहिलं. स्वतः ते चाकांच्या रुंद खुर्चीत बसले होते. ती द्यावी असं त्यांना सुचलं नाही. मी काठीवर रेलून चाळीस मिनिटं उभा राहिलो, आठ बोटांवर.

सुनंदानं कागद एकेक करून मांडले. डॉक्टरांचं पत्र. झोपेच्या चाचणीचा रिपोर्ट. आहारतज्ज्ञ बाईंची वही. पुस्तिकेतला तो परिच्छेद. शेवटी जादा हप्त्याचा कागद.

साहेब म्हणाले, "असं आहे ना काकू, हप्ता ठरवणारा विभाग वेगळा असतो आणि दावे बघणारा वेगळा."

"ते तुमच्या घरात," सुनंदा म्हणाली. "आमच्या चेकवर नाव एकच असतं."

"मी तुमची भावना समजू शकतो."

"भावना नका समजू," मी म्हणालो, आणि माझा आवाज इतका चढला की बाहेरचे लोक काचेतून बघायला लागले. "वाक्य समजा! हे इथं छापलेलं वाक्य पूर्ण वाचा. मोठ्यानं वाचा. मी उभा आहे, मला घाई नाही."

त्यांनी वाचलं नाही. वर पाठवतो म्हणाले. महिनाभरानं वरूनही नकारच आला.

तुमच्या खोलीत माझ्या मापाची खुर्ची नाही, पण माझ्या मापाचा हप्ता मात्र आहे. हे वाक्य मला परत येताना रिक्षात सुचलं. तिथं सुचायला हवं होतं.

पुढं काय झालं

विमा लोकपालांकडं अर्ज करता येतो, त्याला वकील लागत नाही आणि शुल्कही लागत नाही, हे मला पालघरच्या त्याच फिजिशियननी सांगितलं. आधी कंपनीकडं लेखी तक्रार करावी लागते. ती आमची झालीच होती. अर्ज गेला. सुनावणी प्राजक्ताच्या लॅपटॉपवर झाली. त्यासाठी ती नाशिकहून आली होती. मी इस्त्रीचा शर्ट घालून बसलो. कंपनीच्या प्रतिनिधीनं पुन्हा "कॉस्मेटिक" म्हटलं. तेव्हा पडद्यावरच्या अधिकाऱ्यांनी चष्मा वर करून त्यांना विचारलं, "नकार देताना हा परिच्छेद शेवटपर्यंत वाचला होता का?" पलीकडून काही उत्तर आलं नाही. मला वाटलं आवाज बंद पडला. प्राजक्ता कुजबुजली, "बाबा, आवाज चालू आहे."

निकाल आमच्या बाजूनं लागला. पहिल्यांदा गाऊन घातला त्याला तोवर वर्ष उलटून गेलं होतं.

शस्त्रक्रिया झाली. तिच्याबद्दल मी फार गोड लिहिणार नाही. पहिले पंधरा दिवस दोन चमचे पाणी प्यायचं तरी धीर लागतो. केस गळले. घास घाईनं घेतला तर छातीत कळ येते. पण आज वजन ब्याण्णव आहे, इन्सुलिन सुटलंय, मास्कचं यंत्र परत केलंय. मी पायात मोजे स्वतः घालतो. सुनंदाच्या मनगटात थंडीत अजून कळ येते आणि तिला परात धरून पीठ मळता येत नाही. ते मी मळतो.

लोक विचारतात, आता तरी राग गेला ना? नाही गेला. कशाला जाईल? मला जे वर्षानं मिळालं ते पहिल्या दिवशी मिळालं असतं तर माझ्या पायाला दहा बोटं असती. आणि माझ्याजवळ तीन दिवस इंग्रजी वाचत बसणारी बायको होती, म्हणून वर्षानं का होईना मिळालं. ज्याच्याजवळ नाही, त्याचं काय होत असेल? तो माझ्यासारखाच "बरं" म्हणून घरी जात असेल.

मागच्या महिन्यात कंपनीकडून फोन आला. मुलगी होती, आवाज विशीतला.

"सर, तुमचा क्लेम सेटल झालाय. आमच्या सेवेला दहापैकी किती गुण द्याल?"

मी तिला सगळं सांगितलं. पहिल्यापासून. केळव्याचा रस्ता, गाऊन, बोटं, खुर्ची. तिनं मधे एकदाही तोडलं नाही. माझं बोलून संपल्यावर मी विचारलं, "आहेस ना?"

"आहे, काका." सर जाऊन काका झालं होतं. आवाजही खाली आला होता. "माझी आई एकसष्ट वर्षांची आहे. तिचं वजन एकशे अकरा आहे. तिचंही नामंजूर झालंय. आपल्याच... आमच्याच कंपनीत." मग तिनं विचारलं, "कागद कुठले कुठले लावले होते तुम्ही?"

मी सुनंदाला खूण केली. तिनं फाइल आणून माझ्या मांडीवर उघडली.

"काका," मुलगी घाईनं म्हणाली, "हा कॉल रेकॉर्ड होतोय."

"होऊ दे," मी म्हणालो. "पेन घे."